दोन वाजून दहा मिनिटं

"मॅडम, थे पुन्हा अटकलं न जी."
पहाटे साडेचारला लांजेवारांचा फोन.
कळमन्यात गाड्या लागल्यात, आंबिया बहार,
काट्यावर संत्री, पावती निघत नाही.
मागे कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय
आणि लांजेवार इतके हळू बोलतात
जणू बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय.

मी त्रिमूर्तीनगरात, पायावर गोधडी, मांडीवर लॅपटॉप.
डेटाबेस नेमका कुठे आहे, मला माहीत नाही.
पुण्यात म्हणतात, नाहीतर चेन्नईत.
भाड्याचं घर ते. राहायचं आपण,
भिंतीत खिळा मालकाला विचारून.
तिथल्या डिस्कवर आपल्याला लिहिता येत नाही,
लांब कुठेतरी कोठार घ्यावं लागतं,
त्याची वेगळी किल्ली, किल्लीला मुदत.

पहिल्या रात्री सेशन बांधलं:
पाच सेकंदांहून लांबलेलं प्रत्येक काम टिपायचं,
वेळ, नाव, पूर्ण मजकूर.
बांधलं आणि सुरू करायला विसरले.
(हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या रात्री सुरू होतं,
पण किल्लीला वाचायची परवानगी, लिहायची नाही.
कोठार रिकामं.
जे टिपलं ते तेवढं रिंग बफरमध्ये,
अन् रिंग बफर म्हणजे चहाटपरीवरची पाटी,
नवी उधारी मांडायची तर जुनी ओल्या बोटानं पुसायची.
मी पोचले तोवर
दोन दहा केव्हाच पुसलं गेलं होतं.

"काही गवसलं काय जी?"
"आज नक्की, लांजेवार."
"घाई नाही," ते म्हणाले.
गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि घाई नाही.
तेव्हाच खटकायला हवं होतं.

तिसऱ्या रात्री फाइल भरली.
एकच ओळ.
दोन वाजून दहा मिनिटं, चार सेकंद.
चाललं एकोणीस मिनिटं.
वापरकर्ता: के. लांजेवार.
अकरा वर्षांच्या सगळ्या पावत्या, पहिलीपासून;
नोंद करणाऱ्याच्या नावात कुठेही 'मंदाकिनी' असेल तर दाखव.
शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण,
म्हणजे सर्व्हरनं एकेक पावती हातात घ्यायची,
उजेडात धरायची, खाली ठेवायची,
दुसरी घ्यायची.

मंदाकिनी लांजेवार. दोन नंबरच्या काट्याची खिडकी.
शेऱ्याच्या रकान्यात कुणीच काही लिहीत नाही,
त्या लिहायच्या:
'गोड आहे, चाखलं.'
'ताडपत्री फाटकी.'
'सोबत पोरगं, झोपलेलं.'
मी हसायचे, आणि जागा फुकट जाते म्हणून
एकदा तो रकाना काढायला निघाले होते.
शेवटचा शेरा दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला.
त्यात नुसतं 'उद्या बघू'.

कंपनीच्या फॉर्मात एक चौकोन असतो: मूळ कारण.
कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर दूधवाल्याची सायकल, कुत्रं, मग परत शांत.

उजाडल्यावर त्यांच्या सात हजार तीनशे बारा नोंदी
वेगळ्या छोट्या तक्त्यात काढल्या,
लांजेवारांच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बटण दिलं,
त्यावर नाव घातलं नाही.
चौकोनात लिहिलं: इंडेक्स नव्हता.
जे खोटं नाही.
सेशन थांबवलं. काढून टाकलं.
फाइलवर बोट ठेवून जरा वेळ बसले,
मग तीही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला फोन आला नाही.
सव्वापाचला मेसेज:
'चालू हाय जी. पटकन उघडते आता.'
आणि बऱ्याच वेळानं,
मी गोधडी घडी करून ठेवल्यावर, आणखी एक:
'मॅडम, तुमाले सप्पा दिसते काय?'

लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
पाच सेकंदांच्या वर गेलं तरच.